मदत हवी आहे: कंपाइल होतं, पण जावा म्हणतं 'मेन क्लास सापडत नाही'

सातरस्ता_सोलापूर:
सोलापुरी चादरींच्या बिलाचा छोटा प्रोग्राम आहे, नग गुणिले दर. विंडोज १०, जावा १७. 'जावासी चादर.जावा' (जावासी म्हणजे कंपायलर, कोडची .क्लास फाइल बनवणारा) दिलं तर काहीच न बोलता पुढची ओळ आली. मग 'जावा चादर.क्लास' दिलं तर 'कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास'. 'डिर' केलं की चादर.क्लास समोर दिसते! परवा प्रॅक्टिकल आहे. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप इंग्रजीतच केल्यात.)

कडकभाकरी:
जावासी गप्प बसला म्हणजे कंपाइल झालं. घोळ शेवटच्या '.क्लास'चा आहे. जावासीला फाइलचं नाव लागतं, जावाला क्लासचं. टिंब दिसलं की जावा 'चादर' हे पॅकेज (क्लास ठेवायचा गट, फोल्डरसारखा) समजतो आणि त्यात 'क्लास' नावाचा क्लास शोधत बसतो. नुसतं 'जावा चादर' द्या. इंग्रजीत 'चादर'चा पहिला सी कॅपिटलच हवा, कोडमधल्या क्लासच्या नावासारखा. फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर विंडोज चालवून घेतं, जावा नाही.

तरी नाहीच चाललं, तर कोडची पहिली ओळ बघा. एडिटर कधीकधी परस्पर 'पॅकेज बिल;' टाकून ठेवतो. तसं असेल आणि फाइल 'बिल' फोल्डरमध्येच असेल तर 'सीडी ..' करून एक पायरी वर या, मग 'जावा बिल.चादर'. ते नसेल तर 'इको %क्लासपाथ%' द्या; क्लासपाथ म्हणजे जावा क्लास कुठे शोधतो त्या फोल्डरांची यादी. तिथे एखादा जुना पत्ता निघाला तर जावा चालू फोल्डरमध्ये बघतच नाही. मग 'जावा -सीपी . चादर'. सीपीनंतर स्पेस, टिंब, परत स्पेस. ते टिंब हमखास विसरतं.

सातरस्ता_सोलापूर:
पहिल्याच उपायाने सुरू झालं! पण आता 'इंडेक्स ० आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ०'.

हुरडा_पार्टी:
नग आणि दर आर्ग्समधून (आज्ञेत नावापुढे दिलेल्या मूल्यांच्या यादीतून) घेताय ना? काहीच दिलं नाही, म्हणून यादी रिकामी, लेंग्थ ०. मग ते आज्ञेतच द्यायचे: 'जावा चादर १२ ३५०', आकडे इंग्रजी. ४२०० यायला हवेत. बिलावर लिहितात तसं '३५०/-' टाकलंत तर पार्सइंट (मजकुराचा आकडा करणारी मेथड) 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन' फेकेल.

कोड बदललात की आधी परत जावासी, नाहीतर जुनीच क्लास फाइल चालते. आणि प्रॅक्टिकलला पेनड्राइव्हवर .क्लास नेऊ नका. लॅबमध्ये जावा ८ असेल तर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' येईल: तुमची क्लास फाइल व्हर्जन ६१ची, जावा ८ला ५२पर्यंतचीच कळते. .जावा न्या, तिथेच कंपाइल करा.