एसयूव्ही, क्रॉसओव्हर आणि 'पारंपरिक गाडी': मराठीत काय म्हणायचं?

ताम्हिणी
एका ग्राहक मासिकासाठी इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. विषय असा, की लोक सेडान-हॅचबॅक सोडून एसयूव्ही आणि क्रॉसओव्हरकडे का वळले आणि त्यांत त्यांना सुरक्षित का वाटतं. तीन ठिकाणी अडलंय. 'एसयूव्ही'चं, म्हणजे 'स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल'चं, संपादकांनी 'क्रीडोपयोगी वाहन' केलंय. 'क्रॉसओव्हर'चं 'संकरवाहन'. आणि लोक ज्या गाड्या सोडताहेत त्या 'पारंपरिक गाड्या'. हे शेवटचं मला अजिबात पटत नाही. 'पारंपरिक गाडी' वाचलं की डोळ्यांपुढे बैल येतात, होंडा सिटी येत नाही. मी 'बसकी गाडी' सुचवलं, तर म्हणाले, नाक बसकं असतं, घर बसकं असतं, गाडी बसकी नसते. आमच्या घरात तर सर्रास म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?

सावंतवाडीकर
बसकी बरोबर आहे. आमच्याकडे नुसतं 'खाली' पण चालतं. "गाडी खाली आसा, पाणंदीत घासतली." एवढं म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

देवनागर
'क्रीडोपयोगी' नको, पण मराठी शब्दच नको असा सूर कृपया लावू नये. महापौर, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा तेही लोकांना अवघड वाटले असणारच. आज महापौर म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. 'उंचगाडी' असा सरळ सामासिक शब्द करा. चार वेळा छापून आला की रुळेल.

चाकणवाला
देवनागर, अडचण अशी की ही गाडी नक्की कशामुळे 'ती' ठरते, यावर कारखान्यात, शोरूममध्ये आणि कर खात्यात तीन वेगळी उत्तरं आहेत. वीसेक वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कारखान्यात फरक चॅसीचा. जुनी जीप, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ यांची बांधणी म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चॅसी आणि तिच्यावर वेगळी बॉडी. क्रॉसओव्हरमध्ये चॅसी वेगळी नसतेच. कारसारखी अख्खी बॉडीच भार पेलते, फक्त ती उंच केलेली असते. टोयोटाची 1994 ची रॅव्हफोर या घराण्यातली आद्य समजतात. आपल्याकडे आज ज्यांना लोक एसयूव्ही म्हणतात त्या ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा, पंच या सगळ्या त्या हिशोबाने क्रॉसओव्हर आहेत. पण गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊन "क्रॉसओव्हर दाखवा" म्हणाल्याचं मी एकदाही ऐकलेलं नाही.

आता कर. 2006 च्या अर्थसंकल्पात 'लहान गाडी'ला अबकारी करात सवलत मिळाली. अट अशी: लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. लांबीवर कुंपण घातलं, उंचीवर नाही. मग गाडी वाढणार कुठे? वर. फोर्डची इकोस्पोर्ट 2013 ला आली ती 3999 मिलीमीटर. ब्रेझा 3995, व्हेन्यू 3995. एकेक मिलीमीटर मोजून बसवलेला. जाहिरातीत ती एसयूव्ही, करात ती लहान गाडी.

आणि खरी मोठी एसयूव्ही कशी ओळखायची? जीएसटी आला तेव्हा वरच्या उपकरासाठी कसोटी ठेवली होती: लांबी 4000 मिलीमीटरहून जास्त, इंजिन 1500 सीसीहून जास्त, जमिनीपासूनची मोकळी उंची 170 मिलीमीटर किंवा अधिक, आणि वर 'लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी'. म्हणजे कायद्यानेही लोकांच्या तोंडाकडेच बोट दाखवलं. त्यावर वाद झाले आणि जुलै 2023 मध्ये जीएसटी परिषदेने ते 'नाव काहीही असो, सर्व युटिलिटी वाहनं' असं करायचं ठरवलं, शिवाय ती 170 ची उंची रिकाम्या गाडीची धरायची असं स्पष्ट केलं. 22 सप्टेंबर 2025 पासून उपकर जाऊन लहान गाड्यांना 18 टक्के आणि बाकीच्यांना 40 टक्के झालं. चार मीटरची रेघ मात्र तशीच आहे. सरकार थकलं तिथे मासिकाच्या संपादकांनी 'संकरवाहन' का करावं?

निशिगंध
आमच्याकडे एकच शब्द: मोठी गाडी. "त्यांनी मोठी गाडी घेतली." पंच घेतली तरी मोठी गाडीच.

चाकणवाला
आणि पंच स्विफ्टपेक्षा आखूड आहे! पंच 3827 मिलीमीटर, आताची स्विफ्ट 3860. पण जमिनीपासून पंच 187 आणि स्विफ्ट 163. लोकांच्या लेखी मोठेपणा उभा मोजतात, आडवा नाही. 2024 मध्ये देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी ही पंचच. आपल्या पुण्याकडेच बनते.

माणदेशी
सगळे करावर बोलायलेत, रस्त्यावर कोण बोलतच नाही. आमच्या शिवारात रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधी उंचवटा. बैलगाडीच्या चाकांनी चाकोरी पडली, पुढं ट्रॅक्टरनं ती खोल केली. मधल्या उंचवट्यावर गवत, गवतात दगड. बैलगाडीचं बूड वर, ट्रॅक्टरचं वर, जीपचं वर. बसक्या गाडीचं पोट बरोबर त्या दगडावर. आधी खरडल्याचा आवाज येतो, मग पाचेक मिनिटांनी ऑइलचा लाल दिवा. खाली वाकून बघावं तर चेंबर, म्हंजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, फुटलेलं आणि काळं ऑइल टपाटप मातीत. तिथंच इंजिन बंद केलं नाही तर पिस्टन धरतो आणि हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. आमच्याकडे सेडान न घेण्याचं कारण एका शब्दात सांगायचं तर 'चेंबर'. तुमच्या लेखात हा शब्द आहे का?

ताम्हिणी
लेखात 'ऑइल संप' आहे. चेंबर म्हणजे तेच ना? आणि 'ग्राउंड क्लिअरन्स'ला काय लिहू? संपादकांनी 'भू-अंतर' केलंय.

माणदेशी
तेच. पण संप म्हटलं तर मेकॅनिक विचारील कोणाचा संप. भू-अंतर तर जिल्हा परिषदेच्या कागदात पण वाचलेलं नाही. "गाडी जमिनीपासून किती वर आहे" असं लिवा.

देवनागर
हा भाषेचा आळस आहे. पाच शब्दांच्या जागी एक शब्द असणं ही भाषेची ताकद असते. आणि 'चेंबर' हा तरी कुठे मराठी? गॅरेजने इंग्रजी शब्द चुकीच्या जागी वापरला म्हणून तो शुद्ध होत नाही.

वऱ्हाडी
देवनागर भाऊ, मग 'स्टेपनी'चं काय करता? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता होता. 1904 च्या सुमारास तिथल्या दुकानात जादा चाक विकायला लागले, ते रस्त्याच्या नावाने स्टेपनी झालं. तिकडे आता हा शब्द कोणी बोलत नाही, आपल्याकडे खेड्यातलं पोरगंही बोलते. 'डिकी'ही तशीच. जुन्या मोटारीच्या मागे उघडून बसायची जागा असायची, ती डिकी सीट. आपण सामानाची केली. शब्द ज्यानं वापरला त्याचा होते.

निशिगंध
माझं कारण रस्ता नाही. आम्ही राहतो ठाण्यात, इथे शिवार नाही. कारण गुडघे.

बाबांचे दोन्ही गुडघे बदललेत. आमच्या जुन्या सेडानमध्ये बसायचं म्हणजे आधी काठी मागच्या सीटवर टाकायची, मग दाराच्या वरच्या चौकटीला एक हात, दुसरा सीटच्या पाठीला, पाठमोरं व्हायचं आणि स्वतःला खाली सोडायचं. शेवटची वीतभर तर पडणंच असायचं. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा. उतरताना मी समोर उभी राहून दोन्ही हात द्यायचे, आणि ते "एक, दोन" म्हणत उठायचे. नव्या गाडीची सीट त्यांच्या कमरेला लागते. टेकायचं आणि वळायचं. माझा हात लागत नाही. आता ते सोसायटीच्या खाली एकटे जाऊन गाडीत बसून राहतात, मी येईपर्यंत.

म्हणून मला 'उंच गाडी' हा शब्द अपुरा वाटतो. थार उंच आहे, तिच्यात बाबा चढूच शकणार नाहीत. आम्हाला कमरेइतकी हवी होती.

कातरवेळ
निशिगंध, तुमच्या लिहिण्यातच एक गंमतीचं सापडलं. मराठीत आपण जीपमध्ये 'चढतो', एसटीत 'चढतो', कारमध्ये 'बसतो' आणि रिक्षातही 'बसतो'. तुम्ही थारला 'चढू शकणार नाहीत' म्हणालात, स्वतःच्या गाडीत 'बसून राहतात' म्हणालात. क्रॉसओव्हर म्हणजे जिच्यात चढावं लागत नाही आणि खाली सोडावंही लागत नाही, बसता येतं अशी उंची. व्याख्या क्रियापदातच आहे. नामासाठी का झगडतोय आपण?

सावंतवाडीकर
आणि पुण्यात 'गाडीवर' बसतात. तिथे गाडी म्हणजे स्कूटर, बाकी सगळं 'फोर व्हीलर'.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. लेख मूळ अमेरिकेतला असेल तर ताम्हिणी, एक गोष्ट लक्षात घ्या. इथे गुडघे आणि खड्डे ही कारणं नंतरची. 1975 च्या कायद्याने कारला मायलेजचे कडक निकष लावले, 'लाइट ट्रक'ला सैल. तो वर्ग शेतकरी-कंत्राटदारांसाठी होता. 1984 ची जीप चेरोकी कुटुंबाची गाडी असूनही ट्रकमध्ये बसली, मग सगळ्यांनीच तो दरवाजा वापरला. फोर्डने 2018 मध्ये जाहीरच केलं की मस्टँग वगळता इथे सेडान विकणं बंद करणार. म्हणजे 'लोक वळले' हे क्रियापद अर्धंच खरं. काही प्रमाणात लोकांना वळवलं गेलं. दुकानात सेडान शिल्लकच नसेल तर निवड कसली?

दुसरं. ज्याला लेखात 'सुरक्षित वाटतं' म्हटलंय, ते आत बसणाऱ्याला वाटतं. इथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने 2023 मध्ये पादचाऱ्यांचे अपघात तपासले. ज्या गाड्यांच्या बॉनेटची कड 40 इंचांहून उंच, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता 30 इंचांच्या आतल्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त आढळली. बसकी गाडी पायाला लागते, उंच गाडी छातीला. माझी मुलगी शाळेत चालत जाते, त्यामुळे मला हे लेखात यायलाच हवं असं वाटतं.

कातरवेळ
पॅरिसमध्ये फेब्रुवारी 2024 ला जड गाड्यांचं पार्किंग तिपटीने महाग करावं का यावर नागरिकांचं मतदान घेतलं, आणि 54 टक्क्यांहून अधिक मतं 'करावं' अशी पडली. तिथे त्यांनी उंची नाही, वजन मोजलं. इंधनावरच्या गाड्यांना 1.6 टनांची मर्यादा.

माणदेशी
पॅरिसात चाकोरी नसंल.

एडिसनकर
नसेल. पण ठाण्यात आणि पुण्यातही नाही, आणि तिथेही याच गाड्या जास्त खपतात. तुमचं कारण खरं आहे. ते शहरातल्या लोकांनी उसनं घेतलंय.

चाकणवाला
शहरातले गतिरोधक पाहिलेत का? इंडियन रोड्स काँग्रेसचा मापदंड 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे पसरट. गल्लीत रातोरात सिमेंटचा जो कठडा टाकतात तो वीतभर रुंद आणि टोकदार. त्यावर चार माणसं बसलेली सेडान टेकतेच. त्यामुळे 'उसनं घेतलंय' हे मला मान्य नाही. 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांत युटिलिटी वाहनं 65 टक्क्यांच्या आसपास होती. एवढे लोक नुसत्या रुबाबासाठी पैसे घालत नाहीत.

वऱ्हाडी
रुबाब आहेच पण. आमच्याकडे पुढाऱ्याची गाडी पांढरी आणि उंच. लग्नात नवरदेवासाठी तीच मागतात. आणि त्याच बांधणीची दुसरी गाडी म्हणजे काळी-पिवळी, मागे लटकून माणसं नेणारी. एकाच जीपची दोन लेकरं, एक मानाचं, एक पोटाचं. पूर्वी कोणी 'एसयूव्ही' म्हणत नव्हतं. जीप, ट्रॅक्स, सुमो. नाव कंपनीचं, अर्थ सगळ्यांचा.

माणदेशी
आमच्याकडं त्याला वडाप. "वडापनं आलो." गाडी ट्रॅक्स असो, सुमो असो, वडापच.

देवनागर
वडाप हा अस्सल शब्द आहे! मला वाटतं तो 'ओढणे' पासून. गावाकडे 'वढणे' म्हणतात. गिऱ्हाईक वढून आणून भरायचं, ते वडाप.

सावंतवाडीकर
मग 'वढाप' व्हायला हवा होता. ढ चा ड कसा झाला?

देवनागर
बोलीत शब्दाच्या मधला महाप्राण सैल पडतो. हे नवीन नाही.

माणदेशी
आमचे आजोबा सांगायचे, गाडीचा क्लीनर "वडा, वडा" वरडायचा, म्हंजे आत सरका. त्यावरनं वडाप. 'वढा' नव्हे, 'वडा'.

ताम्हिणी
मंडळी, वडाप मलाही आवडला, पण माझा मजकूर गुरुवारी द्यायचाय. 'एसयूव्ही' तसाच ठेवते. 'क्रॉसओव्हर' पहिल्यांदा आला की पुढे "कारसारखी बांधणी, पण उंच बैठक" असं जोडते. चेंबर आणि चाकोरी घेते, एडिसनकरांचं बॉनेटही चौकटीत घालायला सांगते. 'पारंपरिक' काढून टाकलंय. पण संपादक 'बसकी'ला अजून तयार नाहीत, म्हणतात हिणवल्यासारखं वाटतं. 'ठेंगणी' चालेल का?

सावंतवाडीकर
ठेंगणी तर त्याहून हिणवणारं. माणसाला म्हणतात ते.

कातरवेळ
सेडानला सेडान म्हणा, हॅचबॅकला हॅचबॅक. दोन्ही मिळून एकच शब्द मराठीत कशाला हवा?

ताम्हिणी
कारण लेखात तो प्रत्येक परिच्छेदात आहे.

देवनागर
माणदेशी, तुमचे आजोबा 'वडा' म्हणायचे ते नेमकं कोणत्या गावात? म्हसवडकडे की दहिवडीकडे? तिकडच्या आणखी कोणी हे ऐकलं असेल तर इथे लिहा.

माणदेशी
म्हसवड. पण क्लीनर विट्याचा होता.