मदत हवी आहे: सांडपाण्यापासून पिण्याचं पाणी, सभेत नेमकं काय विचारू?

आमच्याकडे सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी देण्याच्या प्रस्तावावर सभा आहे आणि वाद आत्ताच हातघाईवर आलाय. नामिबियातलं विंडहूक १९६८ पासून असं पाणी पितंय. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाने मात्र २००६ मध्ये मतदान घेऊन नकार दिला. ‘शी, गटाराचं पाणी!’ हा मुद्दा मला पटत नाही. (नदीकाठची गावं वरच्या गावांचं सांडपाणी पीतच असतात की.) माझी धास्ती वेगळी आहे. आरओचा (पाण्यातले क्षार, रसायनं गाळणारा) पडदा फाटला तर ते किती वेळात कळतं? औषधांचे अंश, कारखान्यांची रसायनं कोण तपासतं, आणि तो अहवाल लोकांना दाखवतात का? मागे उरलेलं क्षारयुक्त पाणी कुठे सोडतात? शुद्ध केलेलं पाणी आधी धरणात मिसळणं आणि थेट नळाला देणं, यात सुरक्षिततेचा फरक कितपत पडतो? अशा प्लांटवर काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.