पोलीस म्हणतात "दिवाणी बाब आहे". मग मालकाने जायचं कुठे?

पाथर्डीफाटा
वडिलांनी नोकरीत असताना नाशिकच्या पाथर्डी शिवारात दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला. आम्ही पुण्यात, म्हणून राखणीला ओळखीच्या गवंड्याच्या कुटुंबाला कोपऱ्यात पत्र्याची खोली टाकू दिली. भाडं नाही, कागद नाही. उलट दिवाळीला आम्हीच हजार-पाचशे द्यायचो. आता सिंहस्थामुळे आजूबाजूचे भाव कुठल्या कुठे गेलेत. प्लॉट विकायला काढला तर गवंडीमामा म्हणतात, "बारा वर्षं होऊन गेली, जागा आमची." वीज मीटर त्यांच्याच नावावर. पोलिसांकडे गेलो तर, "साहेब, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा."

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०२४ मध्ये कायदा केला. मालकाने शपथेवर अर्ज द्यायचा आणि तिथल्या शेरीफने, म्हणजे पोलीसप्रमुखाने, घुसखोर बाहेर काढायचा, कोर्टाची पायरी न चढता. इतकं लांब कशाला, पेठ-सुरगाण्यापलीकडे गुजरात. तिथे २०२० पासून जमीन बळकावली तर किमान १० वर्षं कैद. आपल्याकडे असं का नसावं? माझं मत स्पष्ट आहे: खरेदीखत, सातबारा नावावर असेल तर पोलिसांनी आठवड्यात जागा मोकळी करून द्यावी.

वाड्यातला
तुमच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. पण आमची बाजू ऐका.

जुन्या नाशकात आजोबांपासून आम्ही एका वाड्यात भाडेकरू. मूळ मालकांनी पावत्या देणं कधीच बंद केलं, मनीऑर्डर पाठवली तर परत यायची. मग वाडा एका बिल्डरने घेतला. आधी नळ तुटला, मग जिन्याच्या दोन पायऱ्या "आपोआप" निखळल्या. आई सत्तरीची, ती तीन महिने खाली उतरली नाही. आता सांगा, त्या बिल्डरच्या हातात तुमचा आठवड्याचा कायदा दिला तर तो पहिला अर्ज कुणाविरुद्ध करेल? खरेदीखत त्याच्याकडे आहे, माझ्याकडे पावती नाही. कागदावर घुसखोर मीच.

पाथर्डीफाटा
फ्लोरिडात आजी-माजी भाडेकरू आणि घरचे लोक वगळलेत. चुकीच्या माणसाला काढलं तर मालकाला बाजारभावाच्या तिप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते.

वाड्यातला
मी भाडेकरू आहे की नाही हे ठरवणार कोण? दारात उभा राहिलेला हवालदार? आणि तिप्पट भाडं बिल्डर खिशातून काढून टेबलावर ठेवेल. आईला परत वाड्यात कोण नेणार?

मखमलाबादचा मळेवाला
दोघंही शहरातले दिसता. आमच्याकडे जागा बळकावणारा परका नसतोच हो. भाऊ नाहीतर चुलतभाऊ. वाटप तोंडी, मोजणी कुणी केलेली नाही, बांध दरवर्षी हातभर सरकतो. वर एकाच गटातल्या प्लॉटची दोन-दोन खरेदीखतं निघतात ती वेगळीच. पोलिसांनी कुणाचा कागद धरायचा? ज्याचा साहेबांशी चहा होतो त्याचाच धरतील.

रोखठोक
कायद्याची कीर्तनं बंद करा. चार पोरं न्या, खोलीचे पत्रे काढा, तारेचं कंपाउंड मारा, बोर्ड लावा. विषय संपला.

नाशिकरोडची वकीलीण
रोखठोक, विषय तिथून सुरू होतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम ६. कायदेशीर मार्ग सोडून कुणाला जागेवरून हाकललं तर सहा महिन्यांच्या आत तो दावा लावू शकतो, आणि कोर्ट मालकी कुणाची हे बघतच नाही. ताबा कुणाचा होता एवढंच बघतं, आणि त्या निकालावर अपीलही नाही. म्हणजे तुमची चार पोरं गवंडीमामांना हुकूमनामा मिळवून देतील. स्थिर ताबा असलेल्या अतिक्रमकालाही कोर्टाशिवाय काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय.

तेच कलम मालकाच्याही कामाचं आहे. कुणी आज कुलूप तोडून शिरला तर सहा महिन्यांत धावा. शेतजमीन असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, तिथेही सहाच महिने. लोक वर्षभर नातेवाइकांकडून निरोप पाठवतात आणि मग माझ्याकडे येतात.

आता ते बारा वर्षांचं, म्हणजे विरोधी ताब्याने मालकी मिळण्याचं. नुसतं राहून बारा वर्षं भरत नाहीत. ताबा उघड आणि मालकाच्या विरोधात असावा लागतो. तुमच्या परवानगीने राहिलेला राखणदार पन्नास वर्षं राहिला तरी राखणदारच. २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेमका यावर आहे. पण मामांनी तोंडावर "जागा आमची" म्हटलंय ना? त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालंय असं धरा आणि दावा लावा.

पाथर्डीफाटा
ताई, धन्यवाद. पण सर्वोच्च न्यायालयानेच २००८ मध्ये या विरोधी ताब्याच्या कायद्याला तर्कहीन म्हटलं होतं ना? चोराला मालक करणारा कायदा ठेवायचाच कशाला?

नाशिकरोडची वकीलीण
म्हटलं होतं. पुढे २०२३ मध्ये विधी आयोगाने २८० व्या अहवालात बदल नको असं सांगितलं. मला स्वतःला ते पटत नाही, बारा वर्षं कमी आहेत. सरकारी जमिनीला तीस आणि तुमच्या-माझ्या जमिनीला बारा, हा काय न्याय? मात्र पोलिसांच्या हातात निकाल देण्याला माझाही विरोध आहे. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरासाठी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळी, आटोपशीर प्रक्रिया आहे. मुदत संपूनही जो बसून राहील त्याला दुप्पट दराने भरावं लागतं. राखणदारांसाठी तसंच काही आणा, मी पाठिंबा देते.

पाथर्डीफाटा
दिवाणी दाव्याच्या तारखा मोजत मी म्हातारा होईन, हा माझा मूळ मुद्दा आहे आणि त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही. तोवर गिऱ्हाईक थांबणार आहे का? माझं मत बदललेलं नाही.

वाड्यातला
नाही दिलं, कारण माझ्याकडे नाही. माझ्याही तारखाच चालू आहेत. पण एक सांगतो, आमच्या खटल्यात शिकलोय. मीटर घेताना जागामालकाचं संमतीपत्र जोडलं होतं का? वीज कंपनीकडून त्या अर्जाची नक्कल मागवा. त्यावर तुमच्या वडिलांची सही निघाली तर मामा परवानगीने राहत होते हे त्यांच्याच कागदावरून दिसेल. आणि दिवाळीचे पैसे फोनवरून पाठवले असतील तर ते स्टेटमेंटही काढा.

पाथर्डीफाटा
सही केली होती बहुतेक. मामा पेढे घेऊन आले होते मीटर बसल्यावर. उद्या ऑफिसात जातो.