बांधकामात नवं काय आलं, हे मोजायचं कसं?

कॉलम_सी७: पुण्यात एम.ई. स्ट्रक्चर्स करतोय. प्रबंधासाठी पेटंटच्या वर्गीकरणातले ई०४ (इमारती) आणि सी०४बी (सिमेंट-काँक्रीट) हे गट धरून वर्षवार आकडे काढले. आलेख नुसता चढतोय. पण सांगलीला काकांच्या साइटवर गेलो तर त्यातलं काहीच दिसेना. मग मोजू काय?

सातारकर_आरसीसी: पेटंट ही बारशाची तारीख झाली. पोर कामाला कधी लागलं, ते तिथे कळत नाही. फ्रेसिने या फ्रेंच इंजिनिअरचं प्रीस्ट्रेसिंगचं (काँक्रीट आधीच ताणलेल्या तारांनी दाबून ठेवायचं तंत्र) पेटंट १९२८ चं. त्यासाठीचं आपलं भारतीय मानक, आयएस १३४३, आलं १९६० साली.

मी १९९४ पासून आरसीसीची कामं करतोय. तुझ्या जागी असतो तर जुन्या ड्रॉइंगवरच्या 'जनरल नोट्स' (कुठलं काँक्रीट, कुठलं स्टील वापरायचं त्या सूचना) वाचत बसलो असतो. माझ्या कपाटात सुरुवातीला सगळीकडे एम-१५ ग्रेडचं काँक्रीट आणि टोर स्टील, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पिळाच्या सळया. काँक्रीटचं मानक आयएस ४५६, त्याच्या २००० च्या आवृत्तीने आरसीसीला किमान एम-२० केलं, तरी माझ्या नोट्समध्ये ते उतरायला वर्ष-दीड वर्ष गेलं. (हो, चूक माझीच.) मग सळयांचे नवे प्रकार: टीएमटी, फे-५००, पुढे ५००डी. क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) गंमत वेगळीच. खडी-वाळूचं मानक आयएस ३८३, त्याच्या १९७० च्या आवृत्तीतही ती चालत होती, पण नदीची वाळू मिळेनाशी होईपर्यंत आमच्याकडे तिला कोणी विचारलं नाही. असं काही पेटंटच्या आलेखात कुठे सापडणार?

खडी_वाळू_सिमेंट: सरकारी कामात डीएसआर (सरकारी दरसूची) बघा. त्यात आयटम आला की तंत्र आलं. नसेल तर एक्स्ट्रा आयटमची फाइल फिरवत बसा, तोवर स्लॅब ओतून झालेला असतो.

कॉलम_सी७: सर, पण जनरल नोट्स तर सगळेच मागच्या ड्रॉइंगवरून उचलून चिकटवतात ना?

सातारकर_आरसीसी: पकडलंस. म्हणून नोट एकटी घेऊ नकोस, त्याच कामाची स्टीलची चलनं (माल आल्याच्या पावत्या) आणि क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे) रिपोर्ट शेजारी ठेव. नोट आणि चलन यांच्यात किती वर्षांचं अंतर पडलं ते मोज, प्रबंध त्यातच आहे. परवाच एका बंगल्याचं ड्रॉइंग पाठवलं. साइटवर ५००डी उतरलंय आणि सळया बांधणारा फिटर फोनवर विचारतोय, "साहेब, हे टोर स्टील कुठलं लिहिलंय?"