मदत हवी आहे: लँडमार्क अर्ज आधी की दर्शनी पत्रा काढणं आधी?

अमेरिकेत एका छोट्या शहराच्या डाउनटाउनमध्ये भागीदारीत घेतलेली आमची दुमजली विटांची इमारत आहे. खाली दुकानं, वर ऑफिसं. शहराच्या लोकल लँडमार्क यादीसाठी (म्हणजे शहराने जपायच्या ऐतिहासिक इमारतींच्या यादीसाठी) अर्ज करायचाय. मालक आम्हीच, त्यामुळे संमतीचा प्रश्न नाही. जुने बांधकाम परवाने, सॅनबॉर्न विमा नकाशे (आगविम्यासाठी काढलेले इमारतींचे जुने नकाशे) काढून झाले. हा दर्जा देणाऱ्या शहराच्या कमिशनच्या ऑफिसात विचारलं, तर "अर्ज आल्यावर बघू" एवढंच उत्तर.

घोडं अडलंय दर्शनी भागापाशी. वरची विटांची कॉर्निस (भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली नक्षीदार पट्टी) शाबूत, पण तळमजला 1960च्या दशकात ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकलाय. एक कोपरा उचकटून पाहिला. आत ओतीव लोखंडाचे खांब आहेत, गंजलेले पण जागच्या जागी. गंमत म्हणजे पत्राही आता 50 वर्षांच्या पुढचा. उद्या कमिशनने त्यालाच ऐतिहासिक ठरवलं तर?

20 टक्के फेडरल टॅक्स क्रेडिटसाठी (केंद्र सरकारची करसवलत) नॅशनल रजिस्टरची, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीची वेगळी वाट आहे, ते सध्या बाजूला ठेवा. दर्जा मिळाल्यावर दर्शनी बदलाला 'सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस' (बदल इमारतीच्या ऐतिहासिक रूपाला साजेसा असल्याची मंजुरी) लागेल, हेही ठाऊक आहे. दुकानं चालू असल्याने काम टप्प्याटप्प्यानेच होईल.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: पत्रा आधी काढून अर्ज केलात, की अर्जातच तो 'नंतरची भर' म्हणून नोंदवून घेतलात?