जेरुसलेमच्या मंदिरातले गवई: मानकरी की वाजंत्री?

साथसंगत
मंदिरातला रोजचा सकाळचा बळी कसा व्हायचा, ते मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातल्या 'तामीद' या भागाच्या 7व्या अध्यायात बारकाईने दिलंय. महायाजक द्राक्षारस ओतायला वाकला की त्याचा दुय्यम याजक हातातलं फडकं हलवणार, त्या इशाऱ्यावर झांज वाजणार आणि मगच लेवी (वंशपरंपरेने मंदिराची सेवा करणारे) गायला लागणार. स्तोत्राचा एक खंड संपला की तुताऱ्या, आणि तुताऱ्यांसरशी सगळे दंडवत घालणार. गाणं बळीच्या आतच गुंफलेलं आहे. बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात तर आसाफ, हेमान आणि यदूथून या दावीद राजाने नेमलेल्या तीन घराण्यांच्या वादनाला संदेष्ट्यांच्या वाणीचा शब्द लावलाय. एकूण 288 जण, बारा-बाराचे 24 गट, आणि पाळ्या ठरल्या चिठ्ठ्या टाकून, गुरू-चेला असा भेद न करता. माझं मत स्पष्ट आहे: हे वाजंत्री नव्हते, मानकरी होते.

शंकेखोर
'इतिहास' हा ग्रंथ ज्यूंना बाबिलोनला कैदेत नेलं त्या बंदिवासानंतरचा, दावीदानंतर पाच-सहाशे वर्षांनी लिहिलेला. दावीदाचीच गोष्ट सांगणाऱ्या शमुवेलच्या पुस्तकांत या 24 गटांचा पत्ता नाही. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) आणताना तिथे स्वतः दावीद नाचतो, सगळे लोक वाजवतात, पण लेवी गवयांचं पथक कुठेय? लेवीय ग्रंथात बळीच्या चरबीपासून राखेपर्यंत सगळे नियम आहेत, गाण्याचा एकही नाही. लेखकाने आपल्या काळातल्या गवयांचे हक्क दावीदाच्या नावावर चढवलेत. सातबारा मागाहून केलेला आहे राव.

साथसंगत
सातबारा उशिराचा असेल, पण जमीन कसणारे आधीपासून होते! बंदिवासातून परतलेल्यांची यादी बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात आहे. तिथे 'गवई: आसाफाचे वंशज, 128' अशी वेगळी नोंद आहे. वेगळी ओळख असल्याशिवाय वेगळं कोण मोजतं?

शंकेखोर
तीच यादी नहेम्याच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात 148 सांगते. वीस गवई वाटेत जन्मले वाटतं! आणि तुमच्याच यादीत ते लेव्यांपासून वेगळे आहेत. 'इतिहास'मध्ये लेवीच होऊन बसलेत. म्हणजे मधल्या काळात बढती झाली. मी तरी वेगळं काय म्हणतोय?

भाकरीचा_प्रश्न
दोघेही मानाचं बोलताय, पोटाचं कुणी बोलेना. नहेम्या 13 वाचा. लेव्यांना आणि गवयांना त्यांचा वाटा मिळेना, तेव्हा सगळे मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. तिथला सुभेदार नहेम्या, त्याने अधिकाऱ्यांना झापलं, माणसं परत आणून जागेवर उभी केली. वाटा बंद झाला की उपासनाच उघडी पडते. मानकरी म्हणा, नोकर म्हणा, त्यांच्यावाचून अडत होतं एवढं नक्की.

शंकेखोर
हे पटलं. पण मानाची हाव शेवटपर्यंत सुटली नाही. दुसऱ्या अग्रिप्पा राजाकडे जाऊन गवयांनी याजकांसारखी तागाची वस्त्रं मिळवली. त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस चिडून लिहितो की हे पूर्वजांच्या नियमाविरुद्ध आहे. (तो स्वतः याजक घराण्यातला, त्यामुळे जळफळाट समजू शकतो.) इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिरच जाळलं. वस्त्रं जेमतेम काही वर्षं अंगावर राहिली असतील.

तानपुरा
अवांतर, पण राहवत नाही. मिश्नात (योमा 3) हुग्रास बेन लेवी नावाचा गवई आहे. त्याला गाण्यातली एक खास करामत यायची आणि ती त्याने कुणाला शिकवली नाही. तालमूद (मिश्नावरचं नंतरचं भाष्य) म्हणतो, तोंडात अंगठा घालून असा काही सूर काढायचा की शेजारचे याजक दचकून मागे सरायचे. चीज लपवणारे खाँसाहेब आपल्याकडेच होते असं वाटायचं मला.

साथसंगत
@तानपुरा, अवांतर कसलं! वाजंत्र्याच्या कंजूषपणाची नोंद कुणी ठेवतं का? मिश्नाने त्याचं नाव दोष देऊन लिहून ठेवलंय, कारण ती विद्या मंदिराची मानली जात होती.

शंकेखोर
किंवा तो नुसता खडूस होता. :)