शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला पालक येतच नाहीत, काय करावं?

नवी_सदस्य: आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर यंदा माझी निवड झालीय. सभेची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की खाली ओळीने 'ओके सर' येतं. सभेला मात्र मुख्याध्यापक, शिक्षक आणि आम्ही तीन-चार बायका. मग रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या. आणि गावात चर्चा काय, तर समितीने शौचालयाचे पैसे खाल्ले! अहो, पैसे अजून आलेलेच नाहीत. लोकांपर्यंत खरं पोचवायचं कसं?

पाटीपेन्सिल: ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करा. गुड मॉर्निंग बंद झालं की सूचना दिसेल.

निवृत्त_मुख्याध्यापिका: ताई, ते अजिबात करू नका. ग्रुपवर बोलता आलं नाही तर लोक पारावर बोलतील, आणि तिथे उत्तर द्यायला तुम्ही नसाल.

मी या समितीची सचिव म्हणून बरीच वर्षं काम केलंय. तुमची सूचना एकदा पालकाच्या नजरेने वाचा. 'विषय 1: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' शेवटी 'ऐनवेळचे विषय'. यासाठी रोज बुडवून कोण येईल? ती सूचना फाइलला राहू द्या. ग्रुपवर लिहा, 'मुलींच्या शौचालयाला दार नाही, काय करायचं ते शुक्रवारी ठरवू.' वेळ संध्याकाळची ठेवा, माणसं रानातून परतल्यावरची.

पैशांचं फलकावर लिहा: किती मागितले, किती आले, कशावर गेले. आले नसतील तर 'मागणी केली, निधी आलेला नाही' हेसुद्धा तारखेसकट लिहा. सांगण्यासारखं काही नाही म्हणून आपण गप्प बसतो आणि अफवा नेमक्या तिथेच उगवतात.

सह्या फिरवणं मात्र आजपासून बंद. घरी सही केलेल्या माणसाला काय ठरलं हेच ठाऊक नसतं, मग तोच बाहेर विचारतो, 'आम्हाला कुठं विचारलं?'

आणि संकोच करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे समितीचंच काम आहे. हिशेब मागितला म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे. कलम 22 मधला शाळा विकास आराखडाही समितीनेच करायचा असतो आणि अनुदानाचं नियोजन त्यावरच व्हायला हवं. तो लिहिण्याआधी वस्तीवर जाऊन विचारा. छापून झाल्यावर विचारण्यात काय अर्थ?

नवी_सदस्य: पण काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. घरी आजी, तिच्याकडे साधा फोन.

निवृत्त_मुख्याध्यापिका: आजी नातवाला सोडायला फाटकापर्यंत येते ना? तिथेच दोन वाक्यांत सांगा. आणि तिचं म्हणणं वहीत तिच्या नावासकट लिहा. पुढच्या सभेत ते वाचलं गेलं की ती स्वतः येते, शेजारणीलाही आणते.

दोन_मुलांचा_बाबा: आमची शाळा खासगी विनाअनुदानित. आम्हाला हे सगळं लागू आहे का?

निवृत्त_मुख्याध्यापिका: नाही, कलम 21 मधून विनाअनुदानित शाळा वगळल्यात. तुमच्याकडे पालक-शिक्षक संघ असेल. 2011 च्या राज्याच्या शुल्क कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. समितीवर कोण पालक आहेत, ते आधी विचारा.

नवी_सदस्य: धन्यवाद बाई. फलकाच्या काचेच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. सोमवारी आधी तेच बघते.